कामाच्या अनुभवावर पदवीला प्रवेश मिळू शकतो का?

शाळेनंतर शिक्षण सुटलं, 11 वर्षं गोदाम सांभाळलं, आता व्यवस्थापनाची पदवी करायची आहे. हा अनुभव विद्यापीठ धरेल का, असं तुम्ही विचारलंय.

जिथे आरपीएलची, म्हणजे पूर्वी शिकलेलं तपासून मान्य करण्याची सोय आहे, तिथे धरतात. फक्त वर्षं मोजत नाहीत, त्या वर्षांत काय शिकलात ते बघतात. मी असे अर्ज वाचायला बसतो आणि निम्मा वेळ 'अत्यंत कष्टाळू व प्रामाणिक' छापाची पत्रं वाचण्यात जातो. माणूस चांगला असणार यात शंका नाही, पण त्यावर क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासाचे गुणांक, कशाचे द्यायचे?

आधी ठरवा, नुसता प्रवेश हवा आहे की काही विषयांतून सूटही हवी आहे. प्रवेशासाठी मुख्यतः पहिल्या वर्षाचा अभ्यास झेपेल का हे बघतात. सूट मागितलीत तर त्या विषयाच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे तो विषय शिकून काय काय यायला हवं त्याची यादी, समोर ठेवून एकेक सिद्ध करावी लागते. ते काम किचकट आहे.

नियम देशागणिक वेगळे. फ्रान्समध्ये शालान्त प्रमाणपत्र नसलेल्यांना अनुभव तपासून विद्यापीठात घ्यायची सोय 1985 पासून आहे. 2002 च्या कायद्यानंतर तर परीक्षक मंडळाची खात्री पटली, तर वर्गात न बसता अख्खी पदवीही मिळू शकते. नॉर्वेत 2001 पासून पंचविशी गाठलेल्यांना अनुभवावर प्रवेशाचा रस्ता खुला आहे.

आता तुमची फाइल. 'साठा व्यवस्थापनाचा दीर्घ अनुभव' असं लिहू नका. नोंदवही आणि रॅकवरचा माल जुळत नव्हता, तेव्हा तुम्ही काय केलंत ते लिहा. समजा, शोध घेतल्यावर कळलं की परत आलेला माल नव्या आवकेत दुसऱ्यांदा चढवला जातोय, म्हणून तुम्ही परतीचं रजिस्टर वेगळं केलंत. जुन्या-नव्या पानांच्या प्रती जोडा, मालकांची परवानगी घेऊन आणि गिऱ्हाइकांची नावं झाकून. तफावत का येत होती आणि तुमच्या उपायाने ती का थांबली, हे दोन परिच्छेदांत मांडता आलं, की परीक्षकाला हवं ते मिळालं. असे तीन-चार प्रसंग पुरतात. जाडजूड फाइल बघून कोणी खूश होत नाही, उलट जांभई येते!

पुढे बहुधा मुलाखत होते. तिथे 'हीच अडचण दुसऱ्या धंद्यात आली तर?' असं हमखास विचारतात. फाइल दुसऱ्याकडून लिहून घेतलेली असेल, तर इथे उघडं पडतं.

आणि पैसे भरण्याआधी विद्यापीठाकडून तीन गोष्टी लेखी घ्या: छाननीची फी अर्ज नाकारल्यास परत मिळते का, जास्तीत जास्त किती क्रेडिट मान्य होतात, आणि पुढे विद्यापीठ बदललं तर ते क्रेडिट तिकडे चालतात का. तिसरं उत्तर बऱ्याचदा 'नाही' असतं.