मॅग्नेटोग्रामवर, म्हणजे सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राच्या नकाशावर, शून्य दिसलं म्हणजे तिथे चुंबकीय क्षेत्र नाही असं समजायचं का? आणि हौशी माणसाला सौरडागाचं क्षेत्र मोजता येतं का?

पहिल्याचं उत्तर ठाम नाही. त्यात शून्य दाखवणाऱ्या राखाडी भागावर बोट ठेवून ‘हा शांत सूर्य, इथे क्षेत्र नाही’ असं व्याख्यानांत आणि लेखांत सर्रास ठोकून दिलं जातं, त्याची मला मनापासून चीड आहे.

झीमन परिणामाने, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा फुटल्याने, तिच्या दोन बाजूंना उलटसुलट वर्तुळाकार ध्रुवण येतं. मॅग्नेटोग्राफ त्या दोहोंतला फरक मोजतो आणि त्यावरून क्षेत्राचा आपल्या दिशेचा घटक गॉस या एककात सांगतो. हा आकडा सबंध पिक्सेलचा मिळून असतो. १५०० गॉसच्या नळीने (क्षेत्ररेषांच्या बारीक जुडीने) पिक्सेलचा शेकडा १ भाग व्यापला असेल तर आकडा येतो १५. शेजारी तेवढीच उलट ध्रुवाची नळी असेल तर शून्य. बिंबाच्या मध्याजवळ क्षेत्र आडवं पडलेलं असेल तरी शून्यच.

‘दुर्बीण मोठी करा, सगळं आपोआप उलगडेल’ असं म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. त्यांनी स्टेन्फ्लो यांचं १९७३चं काम वाचावं. स्टेन्फ्लोंनी लोहाच्या ५२४७.१ आणि ५२५०.२ अँगस्ट्रॉमच्या दोन रेषा घेतल्या. रेषा एकाच कुळातल्या, खोली जवळपास सारखी, तापमानाला प्रतिसादही सारखाच. फरक फक्त लँडे गुणकाचा, म्हणजे क्षेत्रात रेषा किती फुटते हे सांगणाऱ्या आकड्याचा: पहिलीचा २, दुसरीचा ३. क्षेत्र सगळीकडे पसरलेलं आणि क्षीण असतं, तर दोघींच्या ध्रुवण-संकेतांचं प्रमाण २:३ आलं असतं. प्रत्यक्षात ५२५०.२चा संकेत त्या मानाने कमी भरला. क्षेत्र हजार गॉसच्या पुढे गेलं की तिचं विभाजन रेषेच्या रुंदीशी बरोबरी करू लागतं आणि संकेत त्या प्रमाणात वाढेनासा होतो. म्हणजे क्षेत्र जबर, पण जागा इवलीशी. एका आर्कसेकंदात सूर्यावरचे सुमारे ७२५ किमी मावतात आणि या नळ्या शंभर-दोनशे किमीच्या. त्या वेगळ्या दिसत नसतानाही केवळ रेषांच्या निवडीमुळे त्यांचं बळ कळलं. विल्कॉक्स सौर वेधशाळेचे ५२५०.२वरचे आकडे वापरताना १.८ने गुणण्याची रीत पडली, तीही याच संपृक्ततेमुळे. कोणत्या रेषेवर मोजलं हे न सांगता गॉस सांगण्यात म्हणून काही अर्थ नसतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. येतं, पण डागाच्या गडद गाभ्याचंच. स्लिटच्या वर्णपटलेखकात मिलिमीटरला २४०० रेघांची ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फोडणारी रेघांची पट्टी) आणि १० मायक्रॉनची स्लिट असेल तर लोहाची ६३०२.५ अँगस्ट्रॉमची रेषा घ्या. तिचा लँडे गुणक २.५. हिच्या दोन्ही बाजूंना, ६३०२.० आणि ६३०२.७६ला, पृथ्वीच्या हवेतल्या ऑक्सिजनच्या रेषा असतात. सूर्याच्या क्षेत्राने त्या हलत नाहीत, त्यामुळे शून्य आणि मोजपट्टी दोन्ही फुकट मिळतात. २५०० गॉसला प्रत्येक बाजूचं सरकणं ०.११६ अँगस्ट्रॉम.

मोठा डाग बिंबाच्या मध्याजवळ आला की स्लिटच्या आधी क्वार्टर-वेव्ह प्लेट (वर्तुळाकार ध्रुवण रेषीय करणारी) आणि तिच्या मागे ४५ अंशांवर रेषीय ध्रुवक बसवा. एक वर्णपट घ्या, प्लेट ९० अंश फिरवा, दुसरा घ्या. रेषा उलट बाजूला सरकायला हवी. दोन्हींतलं अंतर ०.२३ अँगस्ट्रॉमच्या आसपास आलं तर क्षेत्र २५०० गॉसच्या घरात. ध्रुवक मात्र फिरवू नका. ग्रेटिंग स्वतःच ध्रुवणाला पक्षपाती असते; ध्रुवक फिरवला की उजेड बदलतो आणि दोन चित्रांची तुलना बिघडते. प्लेटच्या आधी ४५ अंशांचा आरसाही नको, तो वर्तुळाकार ध्रुवणाचा काही भाग रेषीय करून टाकतो.

आकडा बहुतेकदा कमीच येईल. हवा थरथरली की भोवतालचा प्रखर प्रकाश गाभ्यात सांडतो आणि त्यातली न फुटलेली रेषा मोजलेल्या रेषेचा गुरुत्वमध्य मागे ओढते. म्हणून स्थिर हवेतल्याच फ्रेम घ्या, सरसकट सरासरी नको. डाग कडेकडे सरकला की फुटलेल्या रेषेचा मधला, न हलणारा घटकही बळावतो आणि सरकणं आणखी कमी दिसतं. त्या दिवशीच्या मोजणीला क्षेत्राची ताकद म्हणू नका, आपल्या दिशेचा घटक म्हणा.

माझ्या बोलण्याला एक मर्यादा आहे, ती सांगायला हवी. रेषा कितीही हुशारीने निवडली तरी आडव्या घटकाची दिशा १८० अंशांनी संदिग्धच राहते. त्याचा संकेतही क्षेत्राच्या वर्गाने घटतो, त्यामुळे क्षीण आडवं क्षेत्र पकडायला भरपूर प्रकाश लागतो आणि तिथे मोठी दुर्बीण खरोखर हवी.

ताऱ्यांच्या बाबतीत हा घोळ अधिकच वाढतो, कारण अख्खं बिंब म्हणजे एकच पिक्सेल. सूर्य तसा पाहिला तर हजारो गॉसचे डाग असूनही सरासरी येते एखाद गॉसच्या आसपास. शिवाय तारा सेकंदाला १० किमी वेगाने फिरत असेल तर ६३०२.५ची रेषा प्रत्येक बाजूला ०.२१ अँगस्ट्रॉम पसरते आणि झीमनचं विभाजन त्यात बुडून जातं. म्हणून तिथे अवरक्त रेषा घेतात: विभाजन तरंगलांबीच्या वर्गाने वाढतं, रुंदी फक्त तरंगलांबीच्या पटीत. १५६४८ अँगस्ट्रॉमची गुणक ३ असलेली लोहरेषा ६३०२.५च्या सुमारे तिप्पट संवेदनशील ठरते. कॅल्शियमच्या एच आणि के रेषांची चमक ताऱ्याची सक्रियता दाखवते. ऑलिन विल्सन यांनी माउंट विल्सनवर १९६६पासून तीच नोंदवली. त्या चमकेवरून सक्रियतेचं चक्र कळतं, गॉस कळत नाहीत.