अमेरिकेत शिक्षकांच्या हातात बंदूक दिली तर शाळेतले गोळीबार थांबतील का? आणि अशा घटनेत शिक्षकाला जबाबदार धरता येतं का?

नाही थांबणार. आणि जबाबदार धरता येतं का म्हणाल, तर धरतातच. रोज धरतात, त्यासाठी गोळीबार व्हावा लागत नाही.

मी मूळची सांगलीची. लग्नानंतर इकडे आले, वर्क परमिट हातात पडल्यावर शिक्षकाचं सर्टिफिकेट काढलं, आणि आता ह्यूस्टनच्या बाहेर एका पब्लिक स्कूलमध्ये तिसरीला शिकवते. हे अकरावं वर्ष.

तुमचा प्रश्न मला आधी माझ्या मामेभावानं विचारलाय. विचारला कसला, उत्तरच देऊन टाकलं. दादा डॅलसजवळ राहतो, बंदूक बाळगतो, महिन्यातून एकदा नेमबाजीच्या रेंजवर जातो. २०२२ च्या गणपतीत आरती झाली, हातात मोदकाची वाटी, आणि हा म्हणतो, ‘बंदूक तुझ्यासारखीच्या हातात असायला हवी. डोकं शांत, शिस्तीची. ऐंशी तासांचं तर ट्रेनिंग आहे.’ ऐंशी तासांचं त्याचं खरं आहे. टेक्ससमध्ये २०१३ पासून शाळेतल्या कर्मचाऱ्यांना बंदूक बाळगू देणारी ‘स्कूल मार्शल’ नावाची योजना आहे, तिचं प्रशिक्षण तेवढंच असतं. ओहायो राज्यानं तर २०२२ मध्येच शिक्षकांसाठीची अट सातशेच्या वर तासांवरून चोवीस तासांवर आणून ठेवली होती. मला कॉपी मशीन वापरायला देण्याआधी शाळेनं अर्धा दिवस घालवला होता, ते आठवलं.

मी त्याला एवढंच म्हटलं, की मी वर्गातली मोठी कात्रीसुद्धा कुलपात ठेवते. बंदूक ठेवू कुठे? कपाटात ठेवली तर वेळेला उपयोग नाही. कमरेला लावली तर तिसरीतली पोरं दिवसातून दहा वेळा मिठी मारतात, आणि त्यांची डोकी बरोबर माझ्या कमरेपाशी येतात. यावर दादा हसला. वहिनीनं विषय बदलला. तेव्हापासून हे भांडण अर्धवटच राहिलंय.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात, २४ तारखेला, इथून गाडीनं चार-पाच तासांवरच्या युव्हॅल्डी गावात रॉब एलिमेंटरी शाळेतल्या गोळीबारात १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या होत्या. चौथीची मुलं, माझ्या वर्गातल्यांपेक्षा एका वर्षानं मोठी. पहिल्या दोन-तीन दिवसांत सरकारी अधिकाऱ्यांनी पत्रकारांना काय सांगितलं माहितीये? एका शिक्षिकेनं बाहेरचं दार उघडं ठेवलं होतं, त्यातून मारेकरी शिरला. टीव्हीवर दिवसभर तेच. आमच्या स्टाफरूममध्ये कुणी कुणाशी बोलेना. नंतर तपासात निघालं, की तिनं दार ओढून घेतलं होतं, कुलूपच लागलं नाही. वर्गांची दारं तर बाहेरून किल्ली फिरवूनच लागायची, आणि त्यातल्या एका वर्गाचं कुलूप धड लागत नाही हे शाळेत माहीत होतं. मुख्य म्हणजे ३७६ पोलीस तिथे पोचले आणि मारेकरी होता त्या वर्गात शिरायला त्यांना ७७ मिनिटं लागली. तरी पहिलं बोट शिक्षिकेकडेच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

त्यानंतर टेक्ससभर शाळांची न सांगता तपासणी सुरू झाली. अनोळखी माणूस येतो आणि दारं ओढून बघतो. चांगली गोष्ट आहे, माझी तक्रार नाही. तक्रार पुढे आहे.

माझ्या वर्गाचं दार जुनं. दमट हवेत फुगतं, मग खटका खाचेत बसत नाही. हँडल वर उचलून कमरेनं धक्का दिला की बसतो. मी हे दोनदा लेखी कळवलं होतं, सप्टेंबरात आणि पुन्हा थँक्सगिव्हिंगच्या आधी. जानेवारीत एक दिवस मी घोड्याच्या नालेच्या आकाराच्या टेबलाशी पाच पोरांना अपूर्णांक शिकवत होते. तीन-अष्टमांश मोठा की तीन-चतुर्थांश, यावर एक मुलगा जीव पणाला लागल्यासारखा भांडत होता. एक मुलगी बाथरूमहून आली, तिनं दार ओढून घेतलं. आठ वर्षांची पोर, ती कमरेनं धक्का कुठून देणार? दोन मिनिटांनी दार उघडलं आणि जीन्समधला, पाठीवर सॅक असलेला माणूस दारात उभा. पोरांनी त्याला ‘हाय’ केलं. माझ्या हातातला मार्कर खाली पडला. माणूस वहीत काहीतरी लिहून ‘थँक यू, मॅम’ म्हणून गेला. डिस्ट्रिक्टचाच तपासनीस होता, पण ते कळेपर्यंतचे ते सात-आठ सेकंद मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या नावानं लेखी समज. ‘वर्गाचं दार कुलूपबंद ठेवणं ही शिक्षकाची जबाबदारी आहे.’ मी दोन्ही तक्रारींच्या प्रती पुढे ठेवल्या. उत्तर मिळालं, की दुरुस्ती हा वेगळा विभाग आहे. पत्र फाईलला लागलं. त्याच आठवड्यात माझ्या वर्गाचे सराव परीक्षेचे गुण भिंतीवरच्या तक्त्यात लाल रंगात होते, त्यावरूनही बोलावणं आलं. हे २००२ पासूनचं. ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायदा आला आणि शाळा गुणांवर जोखायला लागले, मग शिक्षकही त्याच काट्यावर चढले. अटलांटात तर उत्तरपत्रिकांत फेरफार केल्याबद्दल २०१५ मध्ये अकरा शिक्षक-अधिकारी दोषी ठरले. त्यांचं समर्थन करत नाही, केलं ते चूकच. पण हिशेब कोणाकडून आणि किती मागितला जातो ते बघा.

आता दुसरी बाजू. २००५ साली अमेरिकन काँग्रेसनं कायदा केला, की बंदुकीनं गुन्हा घडला तर ती बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर बहुतेक दावे चालणारच नाहीत. २०१२ मध्ये सँडी हूक शाळेतल्या गोळीबारात आपली माणसं गमावलेल्या नऊ कुटुंबांनी रेमिंग्टन या बंदूक कंपनीकडून २०२२ मध्ये सात कोटी तीस लाख डॉलर मिळवले, पण त्यासाठी जाहिरातीच्या कायद्याची फट शोधावी लागली आणि मधे नऊ वर्षं गेली. १९९६ पासून वीसेक वर्षं बंदुकांवरच्या संशोधनाला सरकारी पैसाही जवळजवळ नव्हता. म्हणजे माझ्या वर्गात कोणाला बेरीज येत नाही याचा आकडा दर सहा आठवड्यांनी हवा, आणि मुलं कशानं मरतात याचा आकडा इतकी वर्षं कुणाला नको होता. २०२० पासून इथल्या एक वर्षावरच्या मुलांच्या आणि किशोरांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘बंदूक माणूस मारत नाही, माणूस मारतो.’ बरं. मग माझ्या दाराचं काय? माझं दार तरी माणूस मारतं का?

लेखी समज मिळाल्यावर दोन आठवड्यांनी लॉकडाउन ड्रिल झालं, म्हणजे बंदूकधारी शिरला तर लपायचा सराव. दिवे बंद, सगळे दारापासून लांबच्या कोपऱ्यात, आवाज नाही. २१ मुलं माझ्या भोवती गालिच्यावर दाटीवाटीनं बसलेली. आणि एकाला उचकी लागली. पहिल्या उचकीला दोघं-तिघं हसले. तिसऱ्या उचकीला हसणं थांबलं आणि सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो दोन्ही हातांनी तोंड दाबून बसला, डोळ्यांत पाणी. आमच्याकडे उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय म्हणतात, आजी नावं घेत बसायची. इथे एका आठ वर्षांच्या पोराला कळलं होतं, की आपल्या उचकीनं वर्ग मरू शकतो. मी त्याचं डोकं माझ्या स्वेटरमध्ये घेतलं. कमरेपाशीच. तिथे बंदूक असती तर काय केलं असतं, दादा?

शिक्षकाला काहीच विचारू नये असं मी म्हणत नाही. व्हर्जिनियात न्यूपोर्ट न्यूजला जानेवारी २०२३ मध्ये सहा वर्षांच्या मुलानं आईची पिस्तूल दप्तरातून आणली आणि आपल्या शिक्षिकेवर झाडली. मुलाकडे बंदूक असल्याचं त्या दिवशी शाळेतल्या लोकांनी सहायक मुख्याध्यापिकेच्या कानावर घातलं होतं. ज्युरीनं २०२५ मध्ये त्या सहायक मुख्याध्यापिकेला जबाबदार धरून शिक्षिकेला एक कोटी डॉलर द्यायला सांगितले. योग्य केलं. माहीत असून हललं नाही तर जाब द्यावाच लागेल. मिशिगनमध्ये ऑक्सफर्डच्या शाळेत गोळीबार करणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना २०२४ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली, मला वाटतं हे खरं पाऊल. पोराच्या हाताशी बंदूक ठेवणारा घरात असतो, त्याला आधी विचारा.

दादाच्या बाजूचंही सांगते, नाहीतर म्हणेल एकतर्फी लिहिलं. शिक्षकांना बंदूक बाळगू देणारी टेक्ससमधली सुरुवातीची शाळा हॅरल्डची, २००७ सालची. खेडेगाव, पोलीस यायलाच अर्धा तास लागणार. तिथल्या शाळेच्या बोर्डानं घेतलेल्या निर्णयावर मी ह्यूस्टनजवळ बसून काय बोलू? आमच्याच व्हरांड्यातले एक सर सैन्यातून निवृत्त झालेले आहेत, त्यांच्याकडे दिली तर मला झोप लागेल. पण ते एक. आम्ही स्टाफ साठच्या वर. त्यातले निम्मे प्रोजेक्टरची केबल शोधत असतात.

आणि मुलांना इकडच्या शाळेत घालायच्या भीतीपोटी विचारत असाल तर घाला. देशात लाखभर सरकारी शाळा आहेत, बहुतेकांत असं कधीच घडत नाही. पहिल्या पालकसभेत फक्त वर्गाचं दार आतून लागतं का ते विचारा आणि स्वतः ओढून बघा. माझ्या वर्गाचं मार्चमध्ये बदललं, छान लागतं आता.

हे उत्तर दादाला पाठवणार आहे. गेल्या दिवाळीत वहिनीनं दोघांकडून कबूल करून घेतलंय, की घरात हा विषय काढायचा नाही. मी नाही काढला, तुम्ही काढलात.