दारू नाही, लिव्हर चांगलं, तरी रक्ताची उलटी: मग रक्त गोठण्याच्या चाचण्या कशासाठी?

भावाचं वय 29, रक्ताची उलटी, दुर्बिणीत अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या, प्लीहा वाढलेली, प्लेटलेट 70 हजार. लिव्हरचे रिपोर्ट मात्र नॉर्मल. ‘प्लेटलेट कमी असताना रक्त जास्त गोठतं का, हे कसलं तपासताय?’ असं तुम्ही विचारलंय.

या चित्रात अडथळा बहुधा लिव्हरच्या दाराशी असतो. आतडी आणि प्लीहेकडून रक्त आणणारी पोर्टल शीर गुठळीने बंद पडली की मागे दाब वाढतो आणि रक्त आडवाटेने अन्ननलिकेच्या शिरांत शिरतं. डॉप्लर सोनोग्राफीत मूळ शिरेच्या जागी बारीक, नागमोडी शिरांचं जाळं (कॅव्हर्नोमा) दिसलं तर गुठळी जुनी समजा.

प्लेटलेट कमी म्हणजे रक्त पातळ, हे इथे लागू नाही. वाढलेली प्लीहा त्या अडवून ठेवते. अस्थिमज्जेच्या (हाडांतला रक्तपेशी बनवणारा भाग) काही आजारांत रक्तपेशी जास्त बनतात, गुठळ्या होतात. पण प्लीहेमुळे सीबीसीत (रक्तपेशींची मोजणी) आकडे साधेच, कधी कमीही दिसतात. म्हणून सीबीसी काहीही सांगो, जॅक-2 व्ही617एफ ही अस्थिमज्जेच्या अशा आजारांसाठीची जनुक-चाचणी कराच.

प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन ही रक्त जास्त गोठू न देणारी प्रथिनं; त्यांचे रिपोर्ट हमखास फसवतात. तिन्ही मुख्यतः लिव्हरमध्येच बनतात, त्यामुळे या आजारात थोडी कमी येऊ शकतात. रक्त पातळ करणाऱ्या औषधांपैकी वॉरफरिनने सी आणि एस घटतात, हेपारिनने अँटिथ्रॉम्बिन. तेवढ्यावरून जन्मजात दोष ठरवू नका. आईवडिलांची चाचणी जास्त सांगून जाते. फॅक्टर 5 लायडन हा गुठळ्यांकडे झुकवणारा जन्मजात दोष जनुकावर तपासतात, ती चाचणी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतानाही चालते. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (गुठळ्या वाढवणाऱ्या, शरीरानेच बनवलेल्या) पॉझिटिव्ह आल्या तर किमान 12 आठवड्यांनी पुन्हा तपासा. एका रिपोर्टवर निदान होत नाही.

उपचाराचा क्रम चुकवू नका. आधी शिरांना बँडिंग (दुर्बिणीतून रबरी कडी लावून शीर बंद करणं), 2 ते 4 आठवड्यांच्या अंतराने, शिरा बसेपर्यंत. बहुतेकदा जोडीला शिरांतला दाब कमी करणारी बीटा-ब्लॉकर गोळी. रक्त पातळ करणारं औषध त्यानंतर, तेही गुठळीचं कारण सापडलं तर, हेमॅटॉलॉजिस्ट (रक्ताचे डॉक्टर) आणि पोटाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवल्यावर. वॉरफरिन असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा) साधारण 2 ते 3 मध्ये ठेवतात. अँटिफॉस्फोलिपिडचा आजार असेल तर नवी, आयएनआर न लागणारी औषधं सहसा टाळतात.

डोकं दुखलं तरी अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. डांबरासारखी काळी शौच झाली तर ओपीडीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी. आणि दोष जन्मजात निघाला तर घरातल्या बायकांनी गर्भनिरोधक गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना हे सांगायलाच हवं.