गुलमर्गला बॅककंट्री स्कीइंग करायचंय. सामान विकत घ्यावं की भाड्यानं? बूट कोणत्या मापाचे घ्यावेत? आणि विदर्भातल्या खेड्यात सराव कसा करावा?

तुमचे बेसिक आणि इंटरमिजिएट कोर्स झालेत, आता गुलमर्गच्या अफरवाट डोंगरावर पिस्टबाहेर (तयार केलेल्या स्की-वाटेबाहेर) उतरायचंय, पैसे बेताचे आहेत आणि गावात बर्फ नाही. बरोबर? मग स्की भाड्यानं घ्या, बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारा खटका) त्यावर येईल ते. बीकन (हिमस्खलनात दबलेल्याला शोधायला सिग्नल सोडणारं आणि पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि फावडं मात्र स्वतःचंच. बरेच जण नेमकं उलटं करतात. पहिले स्की घेतात, कारण फोटोत स्कीच दिसते.

आमच्या ग्रुपमधल्या एकाशी माझा यावरून जुना वाद आहे. तो म्हणतो, 'गाईड असतोच सोबत, तो शोधेल. आणि इथं वावरात बीकन घेऊन करतोस काय?' गाईडच दबला तर शोधणारे तुम्ही उरता, एवढं साधं आहे. 1 फेब्रुवारी 2023 ला याच अफरवाटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. दबलेला माणूस पंधरा मिनिटांच्या आत बाहेर आला तर वाचायची आशा चांगली असते, त्यानंतर ती झपाट्यानं ढासळते आणि अर्ध्या तासापुढं थोडीच उरते. बचाव पथक तेवढ्यात पोचत नाही.

आता वावरात काय करायचं ते सांगतो. बीकनचा 457 किलोहर्ट्झचा सिग्नल शोधायला बर्फच लागतो असं नाही. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघालं की जे वावर हरभऱ्याला अजून पेरलेलं नसेल ते धरा. एक बीकन सेंडवर (सिग्नल सोडण्यावर) टाकून प्लास्टिकच्या डब्यात घाला आणि दुसऱ्याला तो हातभर खोल पुरायला सांगा. पुरणारा आणि शोधणारा एकच असेल तर सगळा खेळ फुकट. धुऱ्यावरचं झटका मशीन आणि विहिरीवरची मोटार आधी बंद करा, नाहीतर बीकन भलतेच आकडे दाखवेल. मोबाइल तर बंदच. सेंडवर असताना कुठलीही इलेक्ट्रॉनिक वस्तू 20 सेंटिमीटर लांब, सर्चवर (शोधताना) 50.

सिग्नल मिळेपर्यंत पळा. मिळाला की बीकनच्या पडद्यावरच्या बाणामागं जा. वाट सरळ नसेल, वळणावळणानं जाईल, कारण बीकन चुंबकीय क्षेत्राच्या वाकड्या रेषेवरून तुम्हाला नेतं. पडद्यावरचा आकडा म्हणजे साधारण मीटरमधलं अंतर; तो वाढत चालला तर तुम्ही उलट्या दिशेनं निघालात, मागं फिरा. दहाच्या आत वेग कमी करा. तीनच्या आत बीकन जमिनीला टेकवा, बाण विसरा, फक्त आकडा बघा. इथंच बहुतेकांचं बिघडतं: घाईत मनगट वळतं, अँटेनाचा कोन बदलतो, आकडा उडी मारतो आणि माणूस भलतीकडं जातो. म्हणून बीकनचं तोंड एकाच दिशेला ठेवून पुढं-मागं सरकवा, सगळ्यात कमी आकड्याला थांबा, तिथून डावी-उजवी. तिथला सगळ्यात कमी आकडा ही प्रोबची पहिली जागा.

प्रोब काळ्या मातीत जात नाही. त्यासाठी कुटाराच्या ढिगात चिंध्या भरलेला कट्टा दडपा. उतारावर प्रोब पृष्ठभागाला काटकोनात जाते, उभी नाही. एका जागेभोवती 25-25 सेंटिमीटरवर चक्राकार खुपसत जा. कट्ट्याला लागली की हाताला मऊ उसळी येते, खालच्या खळ्याला लागली की टक्क. हा फरक हातमोजे घालून ओळखता आला पाहिजे. लागली की प्रोब तिथंच राहू द्या, उपसू नका.

खोदायचा सराव कुटारात करू नका. थांबलेलं स्खलन घट्ट बसतं. शेणखताच्या जुन्या, दबलेल्या ढिगावर फावडं चालवून बघा, मग प्लास्टिकच्या पात्याचं का नको आणि ॲल्युमिनियमचंच का हवं ते दहा मिनिटांत कळेल. माणसाच्या डोक्यावरून सरळ खाली खणायचं नाही. प्रोबपासून उताराच्या खालच्या बाजूला, खोलीच्या साधारण दीडपट अंतर सोडून सुरू करा आणि आडवं आत शिरा.

स्किन (चढताना स्कीखाली चिकटवायच्या, मागं घसरू न देणाऱ्या पट्ट्या) घेतल्या तर नायलॉन आणि मोहेर मिसळलेल्या घ्या आणि कापताना दोन्ही बाजूंना धातूची कड उघडी राहू द्या. आपल्याकडं खरा घात उन्हाळ्यात होतो. टिनाच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये स्किन डिंकाला डिंक लावून ठेवली तर डिंक पातळ होऊन चिकटतो आणि डिसेंबरात ओढली की एका बाजूचा दुसरीवर जातो. सोबत आलेली जाळी मध्ये घाला आणि घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा.

पिन बाइंडिंग (बुटाचं टोक दोन पिनांत धरणारी) आली तर चढण्याआधी पुढच्या खटक्याखालचा बर्फ खरवडा, पाय दोन-चारदा वर-खाली हलवा आणि मगच लॉक करा. बर्फ अडकलेला असेल तर पिन पूर्ण बसत नाही. उतरताना ते लॉक उघडंच ठेवा. बंद राहिलं तर पडल्यावर स्की सुटणार नाही.

बुटांचं तुम्ही विचारलंत, पण पाय न बघता माप सांगणारा मी नाही.

आता माझ्या त्या मित्राचं एक म्हणणं मान्य: वावर सपाट आहे. 30 ते 45 अंशांचा कोणता उतार आज सोडून द्यायचा हे वावर शिकवत नाही. त्यासाठी हिमस्खलनाचा (ॲव्हलांच) कोर्स आणि तिथला जाणता गाईड लागतोच. बाकीच्या वादात मी हटणार नाही.

आणि सीझन संपला की बीकनमधले सेल काढून ठेवा. आपल्या मे महिन्यात आतच गळले तर कॉन्टॅक्ट खाऊन टाकतात. पुढच्या वेळी नवे अल्कलाइनच टाका. चार्जिंगचे कंपनीनं चालतात म्हटलं असेल तरच.