लँझोसने (शेजारच्या पिक्सेलांना वजनं देऊन त्यांच्या बेरजेतून नवा पिक्सेल काढणारा फिल्टर) फोटोचा आकार बदलायला माझ्या प्रोग्रामला फार वेळ लागतो, वेग कसा वाढवू?
बहुधा प्रत्येक पिक्सेलसाठी ६×६ शेजाऱ्यांवर दुहेरी लूप फिरवताय, सगळा वेळ तिथेच जातोय. लँझोस-३ (दोन्ही बाजूंचे तीन-तीन पिक्सेल घेणारा) आडवा आणि उभा असा सुटा करता येतो: आधी सगळ्या ओळींवर आडवा पास, मग त्या निकालावर उभा. फोटो मोठा करताना दर पिक्सेलला ३६ ऐवजी साधारण १२ गुणाकारांत भागतं.

आणि वजनं काढायचं साइनचं गणित आतल्या लूपमध्ये नकोच! एका स्तंभाची वजनं सगळ्या ओळींना सारखीच असतात, ती एकदाच काढून ॲरेमध्ये ठेवा.

उभ्या पासमध्येही मेमरी ओळीनेच वाचा, नाहीतर कॅशेचा (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीचा) फायदा जातो. एकेक पिक्सेल मागून आणणारी गेटपिक्सेलसारखी फंक्शन्स टाळा, थेट बफर (मेमरीतला फोटोचा डेटा) वापरा. थ्रेड्स (काम वाटून एकाच वेळी करणं) वगैरे त्यानंतर. फक्त थंबनेल हवा असेल तर आधी बॉक्स फिल्टरने (शेजारच्या पिक्सेलांची साधी सरासरी) निम्मा-निम्मा करत आणा, शेवटचा टप्पा तेवढा लँझोसने.