शोषणक्षमता? नको हो!

गोरेगावच्या एका वाचकाचा प्रश्न: 'नव्या देशांना प्रवेश देण्याइतकी युरोपीय संघाची शोषणक्षमता उरलेली नाही' असं वाक्य एका अनुवादित लेखात वाचलं. 'शोषणक्षमता' बरोबर आहे का?

व्याकरणात बसतं, कानाला मात्र भयंकर लागतं. मुळाशी 'शुष्' धातू, म्हणजे सुकणं. झाडाची मुळं पाणी शोषतात, टिपकागद शाई शोषतो, इथवर ठीक. पण 'शोषण' म्हटलं की आपल्याला गिरणगाव आठवतं. त्या वाक्यातून 'युरोपला आता कुणाला पिळणं जमत नाही' असाच अर्थ निघतो. (तोच खरा, म्हणणारेही भेटतील.)

ही कल्पना (इंग्रजीत 'अ‍ॅब्सॉर्प्शन कपॅसिटी') संघाच्या १९९३च्या कोपनहेगन बैठकीतली. उमेदवार देश लायक असून भागत नाही, त्याला सामावून घेण्याची संघाचीही क्षमता हवी, असं तिथे ठरलं. 'सामावून घेणे' हाच आपला शब्द.

तो 'मावणे'च्या कुळातला, पण अर्थ वेगळा. दादरला संध्याकाळच्या कर्जत फास्टमध्ये माणसं मावतात, कारण मागून रेटा असतो. तिघांच्या बाकावर चौथा टेकतो तो मात्र आधीचे तिघं सरकले म्हणून. मावायला जागा लागते, सामावून घ्यायला आतल्यांची मर्जी.

संघातली धास्ती दोन्ही प्रकारची आहे. उमेदवार तुर्कस्तानची लोकसंख्या आठ कोटींच्या वर. तो आत आला तर युरोपीय संसदेतल्या जागा, शेतीची अनुदानं यांचं काय होणार, हा मावण्याचा प्रश्न. उत्तर मॅसिडोनिया जेमतेम १८ लाखांचा, कुठेही मावेल. पण प्रवेशाला प्रत्येक सदस्य देशाचा होकार लागतो. ग्रीसच्या हरकतीपायी त्यांनी २०१९मध्ये देशाचं नाव बदललं, तर २०२०मध्ये बल्गेरिया आडवा आला: इतिहासाचा वाद, शिवाय तुमची भाषा ही आमचीच बोली! (मराठी-कोकणी वाद ऐकलेल्यांना जास्त सांगायला नको.)

'समावेशनक्षमता' असंही कुणी सुचवेल. तो मंत्रालयाच्या परिपत्रकात शोभेल. अधिकृत मजकुराचा अनुवाद असेल तर 'सामावून घेण्याची क्षमता' लिहावं. स्वतःचं मत मांडताना मी 'तयारी' लिहीन. 'क्षमता' म्हटलं की न सरकणारे तिघं खुशाल बाकाच्या लांबीवर खापर फोडतात.