व्हिडिओवरचा सानचिन आणि परसातला माड

प्रश्न : सर नमस्कार, मी फोंड्याजवळ राहतो, वय ४४, ऑफिसातली बैठी नोकरी. कराटे शिकायचं लहानपणी राहून गेलं ते आता पावसाळ्यात जपानच्या ओकिनावा बेटावरच्या जुन्या कराटेचे व्हिडिओ बघून घरीच सुरू केलंय. रोज सानचिन नावाचा काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) करतो, पण एका व्हिडिओत मुठी बंद आणि दुसऱ्यात पंजे उघडे, मग बरोबर कोण? परसातल्या माडाला काथ्या गुंडाळून ठोसे पण मारतो, मूठ सुजलीय, आणि सानचिन झाल्यावर डोकं ठणकतं. इथे जवळपास सगळे स्पोर्ट्स कराटेवालेच, म्हणून जात नाही. काय करू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी त्या माडाला सोडा बघू. ओकिनावात ठोसे मारायला माकिवारा असते ती जमिनीत पुरलेली फळी, खाली जाड आणि वर पातळ होत गेलेली, वरच्या टोकाला पूर्वी भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळायचे. ठोसा बसला की ती मागे वाकते, सगळी गंमत त्या वाकण्यातच आहे. माड काय छातीच्या उंचीवर वाकणार आहे? सगळा दणका उलटा तुमच्या मनगटात येतो, आणि वरून काथ्या म्हणजे कातडी सोलायची पण सोय. सूज उतरेपर्यंत ठोसे बंद, आणि मूठ आवळताना कळ येत असेल तर वाट बघत थांबू नका, एक्सरे काढा.

डोकं ठणकतं त्याची मला जास्त काळजी वाटते. सानचिनमधे अंग आवळायचं असतं, श्वास कोंडायचा नसतो, पण व्हिडिओत दिसतं काय तर ताठलेली मान आणि ऐकू येतो तो घशातला आवाज, मग माणूस तेवढंच उचलतो, दम कोंडून जोर लावतो आणि ब्लडप्रेशर झटक्यात वर जातं. उद्याच प्रेशर मोजून घ्या, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत सानचिन करायचाच असेल तर ढिल्या अंगाने, नुसती पावलं आणि साधा श्वास. गोजू-र्यू या कराटेच्या घराण्यात सानचिन चालू असताना गुरू शिष्याभोवती फिरत त्याच्या खांद्यांवर, पाठीवर, मांड्यांवर हात मारून बघतो कुठे पक्कं आहे आणि कुठे ढिलं, त्याला शिमे म्हणतात. घुमट वाजवायचा ठेका व्हिडिओवरून पाठ होईल हो, पण हात चुकीचा पडतोय हे सांगायला कोणीतरी शेजारी बसलेलं लागतंच, तसंच हे.

मुठी की पंजे, तर दोन्ही बरोबर. उएची कानबुन (१८७७–१९४८) चीनमधे फुजौला शिकून आले, त्यांच्या उएची-र्यूत पंजे उघडे. मियागी चोजुन (१८८८–१९५३) यांच्या गोजू-र्यूत मुठी बंद. तुम्ही सकाळी एका घराण्याचं गाता आणि संध्याकाळी दुसऱ्याचं, एवढाच घोळ आहे. एक धरा.

व्हिडिओ टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही, क्रम पाठ करायला त्याच्यासारखं काही नाही, फक्त करणारा पाठमोरा असेल असा शोधा, नाहीतर डावं-उजवं उलटं बसतं आणि मग निघता निघत नाही. आणि ओकिनावाचा माणूस दिसला म्हणजे जुनंच कराटे असंही नाही. कियुना र्यो ओकिनावाचाच, टोकियो ऑलिंपिकमधे २०२१ ला कातामधे गोल्ड मिळवलं त्याने, बघायला अफलातून, पण ते परीक्षकांसमोर करायचं काम, ४४ व्या वर्षी गुडघ्यांनी त्याची नक्कल करू नये.

घरी करायला मी नाईहानची सुचवेन. सगळा काता एकाच रेषेत आडवा, डावीकडे-उजवीकडे, सोप्यावर पण मावतो, पाऊस असला तरी अडत नाही. आणि आता तुम्हाला न आवडणारं सांगतो, त्या स्पोर्ट्सवाल्यांकडे जा. तिथे शोतोकान घराणं शिकवत असतील तर त्यांचा तेक्की म्हणजे हाच नाईहानची, फक्त बैठक खोल. शोतोकान ज्यांच्यापासून सुरू झालं ते फुनाकोशी गिचिन ओकिनावाचेच, १९२२ ला त्यांनी टोकियोत प्रात्यक्षिक दाखवलं. आठवड्यातून एकदा जरी कोणी तुमचं मनगट सरळ करून दिलं ना तरी बाकीचे दिवस व्हिडिओ खुशाल बघा.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची. ऑनलाइन कोर्समधे एका वर्षात ब्लॅक बेल्ट देतो म्हणतात, फी भरू का?
– एक आई, म्हापसा

उत्तर : नको बाय. पट्टा आणि दान (ब्लॅक बेल्टच्या श्रेणी) ही पद्धतच ज्युदोतून आलेली, फुनाकोशींनी पहिले दान दिले १९२४ मधे, त्याच्या आधीचे ओकिनावाचे मोठमोठे लोक पट्ट्याशिवायच शिकले. फी भरायच्या आधी एवढंच विचारा, की लाइव्ह क्लासमधे मुलीकडे बघून चूक कोण सांगणार, का नुसते रेकॉर्डिंग पाठवणार? रेकॉर्डिंगच असेल तर तसले फुकट पण मिळतात. आणि घरी करताना टाइल्सवर मोजे घालू देऊ नका, पाय सरकतो.